दोन वळशांच्या मधात

लोकांना वाटतं की रडार विमानाकडे सतत बघत असतं. तसं ते नसतं, निदान जुनं फिरणारं रडार तरी नसतं. ज्या दिशेला त्याचं तोंड असेल तिकडचंच त्याला दिसतं, आणि एकदा दिसलेलं विमान पुन्हा दिसायला पूर्ण वळसा व्हावा लागतो. लांबवर बघणाऱ्या रडारचा वळसा तर एवढा निवांत की तेवढ्यात माणूस पायात चपला सरकवून अंगणाच्या फाटकाशी पोचेल. तोवर विमान दोन-तीन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. पडद्यावर मात्र ते न अडखळता सरकत राहतं, कारण मधली जागा यंत्र अंदाजाने भरतं. मघाशी इतक्या वेगाने या दिशेला चाललं होतं, म्हणजे आता इथे असणार. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो.

हे माझं काम आहे. दक्षिणेतल्या ज्या शहरात मी नोकरीला आहे, तिथे आम्ही न फिरणारं रडार बनवतो. ते एका जागी बसून सगळीकडे एकदम टक लावतं, समोरच्या आकाशाचं जणू चित्रच उभं करतं आणि एका सेकंदात कितीतरी वेळा नवं मोजमाप देतं. त्यामुळे अंदाजाने भरायची जागा फार थोडी उरते. त्या मोजमापांतून विमानाची वाट जोडत न्यायची, हा माझा वाटा. घरी हे समजावून सांगणं मी कधीच सोडून दिलं होतं. "विमानात असते" एवढ्यावर नातेवाइकांची समजूत झाली होती आणि मला फुकट तिकिटं मिळतात अशी काहींची खात्रीही.

वैनीने मात्र एकदा नीट विचारलं होतं. ती माझ्या मोठ्या भावाची बायको. दादा पांढुर्ण्याला एका शाळेच्या ऑफिसात आहे आणि दोघं तिथेच राहतात. आई गेल्यावरही बाबा मात्र सौंसरचं घर सोडायला तयार नव्हते, म्हणून सुटीत आम्ही सगळे सौंसरला जमायचो. वैनी वांगी चिरत होती. मी तिला वळशाचं सांगितलं तेव्हा ती विळीवरून हात काढून म्हणाली, "मंग मधात थे विमान कुठी रायते?"

"मधातही आकाशातच असतं की."

"पण तुमाले कसं मालूम?"

"मालूम नसतं. धरून चालतो."

"असं व्हय," वैनी म्हणाली. "म्हणजे बाबाईच्याच लाइनीत गेल्या तुमी."

सगळे हसले, बाबाही हसले. सौंसरच्या बसस्टँडवर ते आयुष्यभर खाजगी गाड्यांचे टाइमकीपर होते. कोणती गाडी केव्हा आली, केव्हा सुटली, याच्यावर नजर ठेवायची आणि दोन गाड्यांची प्रवाशांवरून जुंपली तर मध्ये पडायचं. पण त्यांचं खरं काम होतं येणाऱ्या माणसाला गाडी कुठवर आली ते सांगणं. तेव्हा कुणाच्या खिशात फोन नव्हते. बाबा मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे आणि सांगायचे, नागपूरची आता बोरगावले असंल, छिंदवाड्याची रामाकोन्यातून निंगाली. हे ते इतक्या खात्रीने सांगत की माणूस पिशवी खाली ठेवून स्वस्थ बसे. लहानपणी मला वाटायचं, त्यांना खरंच दिसतं.

एकदा छिंदवाड्याची गाडी सिल्लेवानीच्या घाटात बंद पडली. कुणाला काही झालं नाही, पण ती संध्याकाळपर्यंत तिथेच उभी होती, आणि इकडे बाबा तिला पुढे पुढे आणत होते. उमरानाला सोडलं असंल, घाट उतरली असंल, येऊनच राहिली. माहेराहून येणाऱ्या बायकोची वाट बघत एक माणूस तिथे उभा होता. शेवटी तो म्हणाला, "टाइमकीपर, तुमची गाडी पाच वेळा आली, माही बायको एकदाही नाई आली." हे वाक्य आमच्या घरी पुढे कितीतरी वर्षं चाललं. द्यायची नाही त्या वस्तूचं वचन कुणी दिलं की आम्ही म्हणायचो, टाइमकीपरची गाडी.

बाबांना फोनवर बोलायला आवडायचं नाही. काम पडलं तरच बोलायचं, आणि काम पडणं म्हणजे काहीतरी वाईट झालेलं असणं, असा त्यांचा हिशेब. मी पहिल्यांदा नोकरीसाठी गेले तेव्हा त्यांनीच नियम घालून दिला. रोज सांजच्याला ते एक मिस कॉल देणार. एक घंटी वाजली की ते बंद करणार, मी उचलायचं नाही. घंटी वाजली म्हणजे ते बरे आहेत. वाजतच राहिली तर उचलायचं. तेव्हा बोलायला पैसे पडत म्हणून आमच्याकडे सगळेच मिस कॉलवर भागवायचे. पोहोचलो, निघालो, जेवलो, सगळं एका घंटीत. आता बोलणं जवळपास फुकट झालं, तरी बाबांनी त्यांचा बटणांचा फोन बदलला नाही आणि नियमही बदलला नाही.

ती घंटी कधी साडेसहाला यायची, कधी साडेआठला. कधी पान खायला चौकात गेले की उशीर, कधी बोट चुकून दोन घंट्या. एखाद्या दिवशी दुपारीच वाजायची, कारण संध्याकाळी बुद्धविहारात कार्यक्रम असायचा. मी कामात असले तर फोनकडे बघायचेही नाही. आला एवढं कळलं की पुरे.

मग मला दिवस गेले. याआधी दोनदा गेलेले आणि टिकले नव्हते, म्हणून या वेळी डॉक्टरांनी सहाव्या महिन्यापासून पलंगावरून उठायचंच नाही असं सांगितलं. घरून लॅपटॉपवर थोडं काम, बाकी छताकडे बघणं. नवरा सकाळी स्वयंपाक करून जायचा. मला एकच गोष्ट हवी होती: बाळ सुखरूप व्हावं आणि मी ते बाबांच्या मांडीवर ठेवावं. आधीच्या दोन्ही वेळा ते काही बोलले नव्हते. दुसऱ्या वेळी फक्त रेल्वेने दोन रात्री बसून आले होते, माझ्या उशाशी संत्र्यांची पिशवी ठेवून बसले होते आणि तिसऱ्या दिवशी परत गेले होते. त्यांना मी काहीतरी देणं लागते असं मला वाटायचं.

आठवा महिना लागला आणि घंटी बदलली.

पहिले दोन-चार दिवस माझ्या लक्षात आलं नाही. मग आलं. घंटी बरोबर सातला वाजत होती. पाच मिनिटं इकडे नाही, पाच मिनिटं तिकडे नाही. एकच, नीट, मोजून मापून, आणि बंद. आठवडा झाला, दहा दिवस झाले, रोज सातला.

दुसऱ्या कुणाला हे बघून बरं वाटलं असतं. मला घाम फुटला. आमच्या धंद्यात खरं मोजमाप कधी सरळ येत नाही. हवा विमानाला हलवते, यंत्राची स्वतःची चूक असते, म्हणून खऱ्या विमानाची वाट बारीक बारीक थरथरते. अगदी सुतासारखी सरळ रेघ दिसली की आम्ही पहिला प्रश्न विचारतो: हे मोजलेलं आहे की मानलेलं? विमान दिसेनासं झालं तर यंत्र त्याला लगेच पुसत नाही. काही वळसे ते आधीच्या चालीवरून त्याला पुढे चालवत राहतं, या आशेने की पुढच्या वळशाला दिसेल. पडद्यावर विमान मजेत चाललेलं असतं, आणि आकाशात त्या जागी काहीही नसतं.

बाबा गेले आहेत, असं मला त्या पलंगावर पडल्या पडल्या कळून चुकलं. आमच्याकडे दोन जिवांच्या बाईला वाईट बातमी सांगत नाहीत. माझ्या एका मावशीला स्वतःच्या भावाचं मरण बाळंत झाल्यावर दीड महिन्याने कळलं होतं. तेव्हा दादाने फोन स्वतःकडे घेतला असणार आणि तो पडला ऑफिसातला माणूस, रोज सातला आठवणीने घंटी देत असणार. दादाचं सगळं असंच असतं, चहासुद्धा घड्याळ बघून.

मी दादाला फोन केला. "बाबा कुठे आहेत?"

"पांढुर्ण्यालेच आणलं त्याईले. आमच्यापाशीच हायेत."

"का?"

"असंच. थंडी पडून राहिली ना. एकटे कायले रायतीन."

"व्हिडिओ कॉल कर ना, दिसू दे मला."

"आता झोपले, बाई. मी करतो मंग." नंतर त्याने केला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला नेटवर्क नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला शाळेत आहे. तो खोटं बोलायला लागला की घसा खाकरतो, आणि तो खाकरत होता. नवऱ्याला विचारलं तर तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, तू आत्ता कशाचाच विचार करू नकोस. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

मी रडले नाही, कारण रडलं की पोट आवळून यायचं. मी सगळं पुढे ढकललं. रोज सातला फोन वाजायचा, आणि जो माणूस आता कुठेच नाही त्याच्या नावाची पाटी उजळायची: बाबा. मी तिच्याकडे बघत पडून राहायचे. घरात कुणी नसायचं. त्या वेळी खोलीत मला थंडी वाजायची, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सहा वाजल्यापासूनच मी सातची वाट बघू लागायचे आणि सात वाजू नयेत असंही मला वाटायचं.

त्यातच एका संध्याकाळी घंटी थांबली नाही. एक वाजली, दुसरी वाजली, वाजतच राहिली. नियमाप्रमाणे उचलायला हवं होतं. पण मला वाटलं, दादाला आता हे ओझं पेलवेनासं झालंय, तो आज सांगून टाकणार. माझा हात पोटावर होता आणि आत बाळ फिरत होतं. मी फोनला हात लावला नाही. तो उशीवर थरथरत सरकत गेला, आणि मग आपला आपण बंद झाला. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा एकच घंटी.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक दिवस घंटी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आली ती रात्रीच्या जेवणाच्या वेळी. त्याच्या पुढच्या दिवशी सव्वासहाला. मग एकदा दोन घंट्या, बोट चुकल्यासारख्या. मी उठून बसले. रेघ पुन्हा हलायला लागली होती. हे दादाचं काम नव्हतं. हा हात माणसाचा होता, विसरणारा, उशीर करणारा. माझे बाबा आजारी होते आणि आता उठून फिरायला लागले होते, म्हणून दादा लपवत होता, एवढंच. मी इतकी हुशार, आणि नुसत्या सरळ रेघेवरून जिवंत माणसाला मारून मोकळी झाले होते. त्या रात्री नवऱ्याला मी गोड करायला लावलं. कशाचं विचारलं तर म्हटलं, असंच. दादाचा आवाज त्या दिवसांत फार बसलेला होता, तो मी सर्दीच्या खात्यात टाकला. पुन्हा व्हिडिओ कॉलचं मी काढलंच नाही. चाललेलं विमान थांबवून कुणी विचारत नाही की तू आहेस ना.

मुलगी झाली. धडधाकट, काळीसावळी, बाबांच्या कपाळाची. घंटी येत राहिली, कधीही, कशीही. सव्वा महिना झाल्यावर मी म्हटलं, आता मला पांढुर्ण्याला ने. नवरा आधी टाळत होता, मग तयार झाला. गाडीत बसायच्या आदल्या सांजेला घंटी वाजली आणि मी मुलीच्या कानात म्हटलं, तुझे आजोबा.

पांढुर्ण्याच्या स्टेशनवर दादा एकटाच आला होता. बाबा प्लॅटफॉर्मवर नसतील हे मी धरलंच होतं, अजून अशक्त असतील. घरी पोचलो. दारात वैनी उभी होती, आणि दादाने तिला हळूच सांगितलं, "आधी पोरीले घे." वैनीने माझ्या हातातून मुलगी घेतली. इतक्या सावकाश, इतक्या घट्ट घेतली की मी तिच्या तोंडाकडे बघायला लागले. मग भिंतीकडे बघितलं. बुद्धाच्या तसबिरीच्या बाजूला बाबांचा फोटो होता. हार ताजा होता, सकाळीच घातलेला.

मी खाली बसले. दादा माझ्यासमोर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "तुह्या दुधाले धक्का लागंल म्हणून नाई सांगतलं," एवढंच म्हणत राहिला.

"केव्हा गेले?"

"संत्र्याचा तोडा चालू होता तवा." मग त्याने आठवडा सांगितला.

मी मनात मागे गेले. तो आठवडा माझ्या पक्का ध्यानात होता. एक दिवस घंटी आली नव्हती, आणि मग ती हलायला लागली होती. मी गोड करायला लावलं होतं.

"त्यानंतर घंटी कोण द्यायचं?"

"मीच द्यायची," वैनी म्हणाली. ती मुलीला मांडीवर हलवत होती. "टाइमच नाई धरता ये मले, बाई. भांडे-कुंडे, घरचं काम. फोन हातात घेतला की रडू ये. कदी बटणच नाई सापडे डोयातल्या पान्यानं."

"आणि त्याआधी? रोज बरोबर सातला यायची ती? ती दादा द्यायचा ना?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दादा म्हणाला, "नाई वं. थे तर बाबाईचीच."

मग ते सांगू लागले. बाबांना सौंसरला अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू गेली, बोलणं तोतरं झालं, वैनीलाच तेवढं समजायचं. पांढुर्ण्याला आणून याच खोलीत निजवलं, समोरच्या भिंतीवर घड्याळ. दिवसभर त्यांना बघायला दुसरं काही नव्हतं. सात वाजायच्या आधीच ते उजवा हात पुढे करायचे. वैनी फोन द्यायची, ते स्वतः बटण दाबायचे. बोलले तर आवाजावरून मला कळेल, म्हणून बोलायचं नाही असं दादाने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं, आणि ते पाळत होते.

आमच्या रडारमध्ये एक चाळण असते. जी वस्तू हलत नाही ती आम्ही सगळ्यात आधी गाळून टाकतो; ती विमान नसते, डोंगर असतो, टाकी असते, उभं झाड असतं. तिची मोजमापंही सरळ रेघेत येतात, आणि ती खरी असतात. पडून राहिलेल्या माणसाची मोजमापं सरळच येणार. हे मला कुणी शिकवायला नको होतं, मी स्वतः ती चाळण लिहिलेली आहे.

दादा तोंड धुवायला न्हाणीकडे गेला. बाहेर तिगावकडे जाणाऱ्या मालगाडीचा लांबलचक आवाज येत होता. वैनी जवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "एक दिवस मात्र लय जिद केली त्याईनं. मी बंद कराले गेली त माहा हात धरला. वाजू दे मने. मी मनलं, बाबा, उचलंल ना थे, मंग बोलसान कसे? त मने, मी नाई बोलत, मी आयकतो."

वैनीला माहीत नव्हतं की मी त्या वेळी जागी होते आणि फोन माझ्या उशीवर होता.

"तुमी उचलला नाई, त मले वाटलं, आता रुसतीन," ती म्हणाली. "पण पुरी घंटी आयकली त्याईनं, फोन कानाले लावून. मंग मले वापस देला. मने, झोपली असंल. झोपू दे तिले."

मुलीने डोळे उघडले होते आणि ती वैनीच्या बांगड्यांकडे बघत होती. मी तिला घेण्यासाठी हात पुढे केले, पण वैनीने दिली नाही. म्हणाली, थोडं पाणी प्या आधी.